गुरम्मानं माती दिलेली पाखरं

निलंग्याच्या पुढं, कर्नाटकच्या अंगाला आमचं गाव. मी तिथल्या शाळेत मास्तर. माळावर पवनचक्क्या उभ्या राहून तीन वर्षं झाली, त्यातली एक गुरम्माच्या बांधाला लागूनच. गुरम्मा पासष्टीची, एकटी, जिभेनं तिखट. दोन एकर तूर आणि चार शेळ्या, एवढाच तिचा पसारा. सकाळी शेताकडं जाताना पंख्याखाली पाखरू पडलेलं दिसलं की ती थांबायची. घार, टिटवी, कधी चंडोल. बांधावर खड्डा करायची, पाखराला विभूती लावायची आणि माती द्यायची. लिंगायताच्या घरात मेलेल्याला माती मिळालीच पाहिजे, आणि तिच्या लेखी पाखरू काही वेगळं नव्हतं. गावानं तिला खुळ्यात काढलं होतं. खरं सांगतो, मीही हसलो होतो.

या पंख्यांनी किती पक्षी मरतात ते मोजायला कंपनीनं नांदेडच्या विनोदला नेमलं होतं. दर सोमवारी दुपारी तो यायचा, पंख्याखाली चार चकरा मारायचा, गुरम्माच्या घागरीतलं पाणी प्यायचा आणि वहीत शून्य लिहून जायचा. दोन वर्षं तिचं पाणी प्यायला, पण ‘मावशी, इथं पाखरं मरतात का?’ एवढं विचारायला त्याचं तोंड उघडलं नाही. म्हणे शिकलेला माणूस!

गेल्या हिवाळ्यात ग्रामसभेत अहवाल वाचला गेला. मेलेले पक्षी शून्य, म्हणून तलावाच्या काठाला आणखी अकरा पंखे. त्याच तलावावर करकोच्यांचे थवे उतरतात. गुरम्मा ताडकन उठली.

“शून्य कसं म्हंता? साठाच्या वर तर मीच पुरलेत की!”

सभा खो खो हसली. विनोदचा चेहरा मात्र उतरला. “मावशी, ते पुरायचे नव्हते. मोजायचे होते.”

“मग मेल्याला कुत्र्याच्या तोंडी द्यायचं व्हय?”

सर्वेक्षणात जे सापडलं नाही ते धरता येत नाही, असं कंपनीचे साहेब म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आंधळे हे, आणि दोष म्हातारीच्या पुण्याला! मीच अर्ज लिहिला, हसणाऱ्यांच्याही सह्या घेतल्या. तेव्हा कुठं एक हंगाम पुन्हा मोजायचं ठरलं, आणि तोवर तलावाकडचे पंखे थांबले. अट एकच, वहीत नोंद होईपर्यंत मेलेल्या पाखराला कुणी हात लावायचा नाही.

एका शुक्रवारी घार पडली. गुरम्मा काठी घेऊन तिच्याशेजारी बसली. कुत्री हाकलली, कावळे हाकलले. अंधार पडला की वर पाटी पालथी घालून दगड ठेवायची. शनिवारी वास सुटला. रविवारी मुंग्या लागल्या, तेव्हा ती माझ्यासमोर रडली.

“गुरुजी, लई पाप करायलेय मी.”

सगळ्या गावात एकटी तीच त्या पाखरांची होती, आणि ही शिक्षा तिलाच.

सोमवारी विनोद आला. फोटो काढले, वहीत लिहिलं. गुरम्मा कुदळ घेऊन उभीच होती.

“काय लिवलं, वाचा.”

“घार, एक.”

“मोठ्यानं वाचा.”

त्यानं मोठ्यानं वाचलं. मग तिनं कुदळ मारली.