जयवंताबाईंचं वायफाय

जयवंताबाई ठवकरांनी सव्वीस वर्षं नागपुरात बर्डीवरच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी टायपिंग शिकवलं. मशीन अडलं तर मेकॅनिकची वाट बघत बसणं त्यांना कधी जमलं नाही. पर्समधला स्क्रूड्रायव्हर काढायच्या, मशीन उलटं करायच्या, तेलाचे दोन थेंब सोडायच्या आणि शेवटी पोरांनाच दम भरायच्या, की कळा हळू दाबा, धान कांडून राहिले काय! पुढे टाइपरायटरच्या परीक्षा बंद झाल्या, इन्स्टिट्यूटला कुलूप लागलं आणि बाई मनीषनगरातल्या घरी येऊन बसल्या.

बसल्या म्हणजे आपली म्हणायची पद्धत. कुरडया केल्या, पापड केले, साऱ्या नात्यातली लग्नं जेवून झाली. पण मिनिटाला साठ शब्द काढणारी बोटं कुरडयांवर किती दिवस समाधान मानणार? कोणी बोलत असलं, की बाईंची बोटं आपसूक मांडीवर चालायला लागायची. एकदा तर सत्यनारायणाची पूर्ण कथा त्यांनी पदराआड मांडीवर टाइप केली. आता आपला कोणालाच उपयोग नाही, हे त्यांच्या मनात बसलं होतं आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं की लोक म्हणत, आराम करा ना आता.

अशात जानेवारीत रीनाचा फोन आला. रीना ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता पुण्यात एका संस्थेत कामाला. संस्थेचं काम असं, की ज्यांना ऐकू येत नाही अशा कॉलेजातल्या मुलांना वर्गात मदत करायची. वर्गात सर बोलतात ते कोणीतरी घरी बसून इंटरनेटवर ऐकायचं आणि तिथल्या तिथे टाइप करायचं. मुलाच्या समोरच्या लॅपटॉपवर ते शब्द उमटत जातात.

"बाई, इतक्या स्पीडनं मराठी टाइप करणारं माणूस मिळत नाही हो आम्हाला," रीना म्हणाली. "तुम्ही चाचणी द्या."

चाचणी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी होती, दुपारी बारा ते एक, आणि तीही खऱ्या वर्गात. हिमानी नावाची एक मुलगी शेतकीच्या पहिल्या वर्षाला होती, तिच्यासाठी टाइप करायचं. निवड शेवटी हिमानीच करणार. नियम दोनच, पण कडक. मोबाइलचं नेट चालणार नाही, कारण ते मध्येच दगा देतं. आणि तासात जोडणी तुटली तर चाचणी बाद, दुसरी संधी नाही.

बाईंकडे डेस्कटॉप होता, इन्स्टिट्यूट बंद होताना मालकांनी दिलेला. नेट मात्र नव्हतं. नेट होतं पुढच्या घरात. एकाच प्लॉटवर ठवकरांची दोन घरं. पुढे धाकटे दीर गोपाळराव आणि जाऊ कामिनी, मागे बाई आणि त्यांचे यजमान, मध्ये अंगण. कामिनीने पासवर्ड तर आनंदानं दिला. आधी अंगणातून वायर टाकून पाहिली, ती आठ दिवसांत खारींनी कुरतडली. मग बाई उठल्या, बर्डीवर गेल्या आणि वायफायचं कार्ड घेऊन आल्या.

बाईंचे यजमान चंपतराव. तीस वर्षं नागपूर-काटोल गाडीवर कंडक्टर होते आणि निवृत्त झाले तरी त्यांची घंटी थांबलेली नव्हती. घरात जे काही चालतं ते आपल्या परवानगीनं चालतं असा त्यांचा प्रेमळ गैरसमज होता. बाईंनी कॉम्प्युटरची वायर काढून डब्याचा बाजूचा पत्रा उघडला तेव्हा ते चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले.

"काहून उघडून राहिली वं? करंट लागंन ना!"

"वायर काढली जी. करंट कुठून येईन?"

"एखादं पोरगं बोलवून घे दुकानातलं."

"टाइपरायटरमध्ये कितीक पुर्जे असतात, माहीत हाय? इथं तं एकच स्क्रू हाय."

आत वीत वीत धूळ. बाईंनी जुन्या ब्रशनं ती झाडली. दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे आधी लोखंडी डब्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, मागची छोटीशी पट्टी काढली, मदरबोर्डवरची आखूड खाच शोधली आणि दोन्ही अंगठ्यांनी कार्ड हळूच दाबलं. ते टक्क करून बसलं. तो आवाज ऐकून बाईंच्या अंगावर काटा आला. कितीतरी वर्षांनी आपल्या हाताखाली काहीतरी नीट बसल्याचं त्यांना जाणवलं. मग स्क्रू, मग मागून दोन काळे अँटेने. पत्रा लावून त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला, तर कॉम्प्युटर कार्डाला ओळखच दाखवेना.

"ड्रायव्हर टाकावा लागंन," बाई म्हणाल्या.

"बिनाड्रायव्हरची गाडी निघत नसते, हे मीच सांगतलं असतं तुले," चंपतराव म्हणाले आणि कप ठेवून निघून गेले.

ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांची सोयरीक जुळवणारा छोटा प्रोग्राम. तो नेटवरून घ्यायचा आणि नेट तर त्याच्याशिवाय नाही. बाईंनी मोबाइल वायरीनं कॉम्प्युटरला जोडला, रेंज मिळावी म्हणून दाराच्या चौकटीवर ठेवला आणि अर्ध्या तासात प्रोग्राम उतरवून घेतला. कोपऱ्यात वायफायची खूण उगवली. कामिनीचा पासवर्ड टाकला आणि खुणेचे चारही पट्टे भरले.

फेब्रुवारी, मार्च बाईंनी नुसता सराव केला. भाषणं लावायची, कीर्तनं लावायची, शेतकीची व्याख्यानं लावायची आणि टाइप करायचं. नेट एकदा म्हणून तुटलं नाही. त्या वर्षी अवकाळी पावसानं उन्हाळा पुढे ढकलला होता, एप्रिलच्या मध्यापर्यंत पंख्यावर भागत होतं. बाई खुशीत होत्या आणि ती खुशी झाकत नव्हत्या.

मग ऊन तापलं आणि नेट गेलं.

कधी एक पट्टा, कधी तोही नाही. बाईंनी डबा उघडला, कार्ड काढून परत बसवलं. ड्रायव्हर पुसून परत टाकला. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, गरमीनं होते मॅडम, कार्ड तापते. चंपतराव म्हणाले, मी तं पयलेच सांगतलं होतं. काय सांगितलं होतं ते मात्र त्यांना सांगता येईना. पुढच्या घरात नेट धडधडीत चालू होतं. शुक्रवारी बाईंनी चौथ्यांदा डबा उघडला आणि उघड्या डब्यासमोर बसून रडल्या. आपली बोटं नाहीत, नशीबच म्हातारं झालंय, असं त्यांना वाटलं. मग डोळे पुसून पत्रा लावला.

शनिवार उजाडला. कॉम्प्युटर उचलून पुढच्या घरात न्यावा, तर तिथे गोपाळरावांच्या नातवाचं बारसं; पाळणा, पाहुणे आणि स्पीकर. तिथे सरांचं काय ऐकू येणार? अकरा वाजता बाई स्क्रीनसमोर बसल्या त्या रीनाला नाही म्हणून कळवायलाच. तीन ओळी लिहूनही झाल्या.

चंपतराव तेव्हा बाहेर कूलरपाशी होते. नागपुरात माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, कूलरचं गवत बदलायला विसरणार नाही. चंपतरावांचा कूलर भला मोठा, पत्र्याचा, लोखंडी स्टँडवर चढवून अंगणाकडच्या खिडकीत असा फिट बसवलेला, की कडेच्या फटीसुद्धा पुठ्ठ्यानं बुजवलेल्या. पंप पाणी ओढत नव्हता म्हणून त्यांनी तो बंद करून स्टँडसकट खिडकीपासून ओढला.

आणि बाईंच्या डोळ्यांदेखत कोपऱ्यातले चारही पट्टे भरले.

त्या बघतच राहिल्या. बाहेर चंपतरावांनी पंप झटकला आणि कूलर परत खिडकीत ढकलला. पट्टे गेले.

"अहो! मागं घ्या तो!"

"काय?"

"कूलर! मागं घ्या!"

चंपतरावांनी तो मागे घेतला. पट्टे आले. "पुढं घ्या!" पट्टे गेले. "मागं!" आले. आयुष्यभर प्रवाशांना पुढे सरका, मागे सरका करणारा माणूस पंचेचाळीस डिग्रीत लोखंडी स्टँड धरून बायकोच्या हुकमावर पुढेमागे सरकत होता. बारशाचे चार पाहुणेही बघायला गोळा झाले.

मग बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुढच्या घराचं वायफाय आजवर त्या खिडकीतून आत येत होतं आणि खिडकीत चंपतरावांनी पत्र्याची भिंत उभी केली होती, आत पाण्याची टाकी भरून. कूलर बसवला तो गेल्या आठवड्यातला शुक्रवार आणि नेट गेलं तोही तोच शुक्रवार. आठ दिवस त्या कार्डाला बोल लावत होत्या आणि खरा गुन्हेगार त्यांच्याच पाठीवर थंडगार वारा सोडत बसला होता. कूलर हटवून पाहायचं कोणाच्या मनात आलं नाही, कारण उन्हाळ्यात कूलर हटवायचा हा विचारच नागपूरच्या माणसाच्या डोक्यात येत नाही.

चंपतराव घामाघूम होऊन आत आले. बाईंनी त्यांना खिडकी दाखवली, स्क्रीन दाखवली. आठ दिवस आपण हिला टोचून बोललो आणि घोळ आपल्याच कूलरचा होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

"भर दुपारी बिनाकूलरचं बसशीन? चक्कर येईन वं तुले."

"येऊ द्या. एका तासाचा तं प्रश्न हाय."

चंपतरावांनी बाहेर जाऊन कूलर अंगणाच्या पार टोकाला नेला. मग आपला डोक्याला बांधायचा दुपट्टा माठाच्या पाण्यात भिजवून, पिळून आणला आणि बायकोच्या डोक्यावर घातला.

बारा वाजता तास सुरू झाला. उघड्या खिडकीतून झळा येत होत्या, पंखा गरम वारा खाली ढकलत होता. कानावरच्या हेडफोनमध्ये सर बोलू लागले आणि बाईंची बोटं सुटली. पहिली पाच मिनिटं अडखळत गेली. एकदा त्या मागे पडल्या, दोन वाक्यं निसटली. मग हात बसला. सर जमिनीचे प्रकार सांगत होते, बाई लिहीत होत्या आणि चंपतराव दर दहा मिनिटांनी पाय न वाजवता येत होते, वाळलेला दुपट्टा काढून ओला घालत होते. तो माणूस तासभर एक शब्द बोलला नाही. ठवकरांच्या घरात असं कधी घडलं नव्हतं.

काळ्या चिकट मातीवर आल्यावर सरांना स्वतःचं लग्न आठवलं. ते म्हणाले, "माझी सासुरवाडी धानाच्या पट्ट्यातली. वरात बांधावरून निघाली. मेव्हण्यांना माझा बूट लपवायची तसदीच पडली नाही, चिखलानंच ठेवून घेतला. मी एका बुटावर बोहल्यावर चढलो!" वर्ग खदखदून हसला.

जयवंताबाईंचं माहेर कुहीचं, तेही धानाच्या पट्ट्यातलं. तो चिखल त्यांना पायानं माहीत होता. त्याही हसल्या. चाचणीत धडा तेवढा लिहायचा की हेही लिहायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. बूट लिहिला, चिखल लिहिला, बोहला लिहिला आणि पुढे लिहिलं, सगळे हसत आहेत.

एक वाजला. सर निघून गेले. जोडणी एकदाही तुटली नव्हती. बाईंची पाठ चिंब झाली होती आणि निसटलेली ती दोन वाक्यं डोक्यात टोचत होती. चंपतरावांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. तेवढ्यात स्क्रीनवर खालून शब्द उमटायला लागले. लिहिणारी हिमानी होती.

"नमस्कार मॅडम. वर्ग हसतो तेव्हा मी मैत्रिणीला विचारते, काय झालं. ती म्हणते, नंतर सांगते. नंतर ती विसरते. आज सर बूट म्हणाले आणि मी सगळ्यांसोबत हसले. सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना पण कळलं."

बाईंनी तांब्या तसाच हातात धरला.

"काय म्हणते वं?" चंपतरावांनी हळूच विचारलं. चष्मा कुठे ठेवला ते त्यांना आठवत नव्हतं. "झाली का पास?"

"थांबा न जी. पोरगी बोलून राहिली."

स्क्रीनवर आणखी एक ओळ आली. "सोमवारी नऊ वाजता पुढचा तास आहे. तुम्हीच याल का?"

जयवंताबाईंनी कळांवर बोटं ठेवली. 'येते' एवढंच लिहायचं होतं. मिनिटाला साठ शब्द काढणाऱ्या बाईंना ते तीन वेळा खोडून लिहावं लागलं, कारण अक्षरं दिसेनाशी झाली होती.