पान एकशे बारावरचं जंगल

आमच्या घराण्यात चित्रकार एकच, आणि तो मी. हे वाक्य तीस वर्षं खरं होतं.

मी कणकवलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. पण माझी खरी कीर्ती मालवणजवळच्या आमच्या गावच्या घरातल्या एका भिंतीवर आहे. आमच्याकडे चतुर्थीला गणपती बसतो त्यामागची भिंत दरवर्षी नव्याने रंगवतात. आदल्या वर्षीचं चित्र चुन्याखाली जातं आणि कोऱ्या भिंतीवर मी नवं काढतो. कधी समुद्र, कधी हिमालय, कधी जंगल. (माझी झाडं फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी दिसतात असं माझा थोरला भाऊ, म्हणजे भाई, म्हणतो. भाईला कलेतलं काही कळत नाही. फ्लॉवरमधलंही बेताचंच कळतं.)

गेल्या वर्षी चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी भाईचा फोन आला.

"बाळा, मितालीचा पुस्तक इला! बघूक ये!"

मिताली ही भाईची मुलगी. लहानपणी माझ्या पायाशी बसून रंगाच्या वाट्या ढवळायची. आता हैदराबादला ॲनिमेशनचे सिनेमे करणाऱ्या स्टुडिओत असते. पात्रांच्या मागे डोंगर, घरं, आभाळ दिसतं ना, ते रंगवणं तिचं काम. म्हणजे माझंच काम, फक्त पुढचा गणपती हलता! सिनेमा मी पाहिला होता. शेवटी नावं सरकताना सगळं घर टाळ्या वाजवत होतं आणि मी मोबाईल शोधत होतो. (तो हातातच होता.)

आता त्या सिनेमाच्या चित्रांचं पुस्तक निघालं होतं. पाटाएवढं मोठं, उचलायला दोन हात लागावेत असं. मी गावी जाऊन ते नाइलाजाने उघडलं आणि तासभर मिटलंच नाही. सिनेमात दीड सेकंद दिसणाऱ्या होडीची अकरा चित्रं! म्हाताऱ्या खलाशाचं एक नाक ठरेपर्यंत काढलेली चाळीस नाकं! शिवाय सिनेमात न घेतलेली चित्रंसुद्धा कौतुकाने छापलेली. माझ्या चांगल्या चित्रांवर दरवर्षी चुना फिरतो, आणि हिच्या टाकाऊ चित्रांना गुळगुळीत कागद! मला सरळसरळ हेवा वाटला. इतका, की वहिनीने पुढे केलेल्या घावण्यांना मी नको म्हणालो. घावण्यांना नको म्हणायची माझी ती पहिलीच वेळ.

तेवढ्यात भाई म्हणाला, "बाळा, ह्या वर्सा भिंत मितालीक देवया काय? दोन दिवस आधी बोलवून घेतंय तिका."

"कित्याक? माझे हात मोडले काय?"

"तसा नाय रे. पण चेडू आता मोठा आर्टिस्ट झाला..."

"भिंत माझी! आणि ह्या वर्सा असा काढतंय, बघीतच रवतलंस!"

बोलून बसलो. आता काढायचं काय? समुद्र झाला होता, हिमालय दोनदा झाला होता. शेवटी शाळेतल्या मुलांना दाखवतो म्हणून पुस्तक मागून घेतलं आणि कणकवलीला नेऊन पानामागून पान उलटत बसलो.

पान एकशे बारावर थांबलो. जंगल होतं. गोल, भरदार, एकमेकांना खेटलेली झाडं, मधून पांढरी पाऊलवाट, वर गुलाबी उजेड. हे आपल्याला का नाही सुचलं? असली झाडं माझ्या हातून सात जन्मांत उतरली नसती! चित्रांची माहिती पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरांत दिली होती, पण ती मी वाचली नाही. चित्रकाराने चित्र बघावं, मजकूर कारकुनांनी वाचावा, हे माझं तत्त्व.

चतुर्थीच्या आधी चार दिवस रजा टाकून बायकोसह गावी गेलो. भिंतीपुढे चादर टांगली, कोणी आत यायचं नाही म्हणून सांगितलं आणि तांदळाच्या डब्यावर पुस्तक उभं करून कामाला लागलो. तिसऱ्या दिवशी बायको चहा घेऊन थेट चादरीच्या आत!

"अवो, ह्या मितालीचा पुस्तक मां? तुमी कॉपी करतास?"

"कॉपी नाय! अभ्यास आसा ह्यो!"

"पकडलेली पोरांय असाच सांगतत."

पुस्तक मिटायच्या गडबडीत हिरव्या रंगाचा अंगठा नेमका पान एकशे बारावर उठला. ओल्या फडक्याने पुसायला गेलो तर तो आणखी ठसठशीत झाला! मग मी पुस्तक कपाटात बायकोच्या पातळांखाली सरकवलं आणि तिला गणपतीची शपथ घातली. ती म्हणाली, "कोणी इचारल्याशिवाय मी सांगूचंय नाय." मला वाटलं, तेवढं पुरे आहे.

चतुर्थीच्या सकाळी चादर काढली. शेजारीपाजारी "वा!" म्हणाले. भाईने मात्र डोळे बारीक केले.

"झाडां तुझीच दिसतत रे."

ह्याला कलेतलं कळत नाही, हे मी पुन्हा एकदा मनात म्हणून घेतलं.

इतक्यात मिताली आली. खांद्यावरची बॅगही न उतरवता उंबऱ्यात उभी राहून भिंतीकडे बघत राहिली. चोरी पकडली जाणार, तीही गणपतीसमोर! तर तिच्या डोळ्यांत पाणी.

"काका! ह्या जंगल तुका अजून आठवता?"

काय आठवायचं होतं ते मला कळलं नाही, पण सुटकेची वाट दिसल्यावर मी मागेपुढे बघत नाही.

"मगे! इसरान कसा?"

"मी सातवीत होतंय तेव्हा तू ह्याच भिंतीर काढलेलंस. चुनो मारल्यानी तेव्हा मी रडलेलंय. मगे आठवून आठवून सिनेमासाठी काढलंय. पुस्तकातय आसा, तू बघलंस मां?"

म्हणजे मी माझंच चित्र चोरलं होतं? आणि ते माझं आहे हे मला ओळखताही आलं नव्हतं? आता गप्प बसायचं, तर तोंडातून निघून गेलं, "पुस्तक? वरवर चाळलंय. ह्या पान खंय नाय दिसला!"

"मगे आता सगळ्यांका दाखवया!" भाई म्हणाला. "खंय आसा पुस्तक?"

विचारलं! बायको तयारच होती. "माझ्या पातळांखाली."

पुस्तक आलं. मितालीने पान एकशे बारा उघडलं. हिरवा अंगठा! सगळ्यांनी आधी पानाकडे पाहिलं, मग माझ्या अंगठ्याकडे. नखात अजून तोच हिरवा होता. मिताली इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग तिने शेवटची बारीक अक्षरं मोठ्याने, मराठी करून वाचली: "माझ्या काकाने गणपतीच्या भिंतीवर काढलेलं जंगल, आठवणीतून. सिनेमात घेतलं नाही. दिग्दर्शकाचं मत: झाडं फ्लॉवरसारखी दिसतात."

"बघ!" भाई आरतीच्या आवाजात ओरडला. "हैदराबादेतल्या माणसाकय कळला!"

त्यानंतर आरतीला उभं राहायची शुद्ध कोणाला नव्हती. भटजीसुद्धा तोंडाला उपरणं लावून हसत होते.

भिंत अजून माझ्याकडेच आहे. "ती काकाचीच," असं मितालीने सर्वांसमोर सांगून टाकलं. तिचा हा मोठेपणाही मला सोसत नाही. गणपती गेल्यावर, कोणी बघत नाहीसं पाहून, मी पुस्तक भिंतीला टेकवून उघडलं. तिचं पान आणि माझी भिंत शेजारी शेजारी. तीच पाऊलवाट, तोच गुलाबी उजेड, तीच झाडं. आणि मला पुन्हा हेवा वाटला.

फ्लॉवर माझेच होते. पण तिचे ताजे दिसत होते!