सफेद्याचा ठिपका

काल नळवाल्यानं सफेद्याचा डबा उघडला आणि त्या तेलकट वासानं मला चाळीसेक वर्षं मागं, उद्यमनगरातल्या गॅरेजात नेऊन उभं केलं. एका डॉक्टरांची जुनी विलायती मोटार आमच्याकडं आली होती. तिच्या मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या नळकांड्याच्या, बोल्टांची भोकं थेट इंजिनातल्या पाण्यात उघडायची, म्हणून गळती बंद करणारा सफेदा आट्यांना फासूनच ते पिळायचे. सफेदा लावला की मी बोल्टच्या डोक्यावर बोटानं पांढरा ठिपका द्यायचो, आणि तो दिसला की मिस्त्री पुन्हा तपासायचे नाहीत. सगळे बोल्ट बसवून मी दोन दिवस कोडोलीला बहिणीकडं गेलो. परत आलो तर मोटार राधानगरीच्या रस्त्यावरून ओढून आणलेली, पाणी गळून इंजिन तडकलेलं. मिस्त्रींनी एक बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला. "ठिपका तुझा, आन् आटं कोरडं. असलं काम करतोस व्हय?" मी मोटारीचे जुनेच बोल्ट परत बसवले होते; हा नवा कोरा होता, मी तो पहिल्यांदाच बघत होतो. मी गॅरेजातल्या माझ्या जोडीदाराकडं पाहिलं. सात वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो, माझी खूण मिस्त्रींखेरीज फक्त त्याला ठाऊक होती. पाना पुसता पुसता तो म्हणाला, "म्या हातबी लावला न्हाय की." त्याच संध्याकाळी मी गॅरेज सोडलं. जुना बोल्ट तुटला असेल, घाई असेल, ते मी आज समजू शकतो. पण सफेदा लावायला त्याला वेळ नव्हता आणि ठिपका द्यायला होता, हे अजून घशाखाली उतरत नाही.