पाण्याचा सहावा हिस्सा

ती घटना आजही आठवली की मला आधी हसू येतं आणि मग छातीत धडधडतं. दोन गावं एकमेकांची डोकी फोडायला निघाली होती, आणि गुन्हेगार होता शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला एक हिशेब.

मी तेव्हा गोंदिया जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीत एक जुनं मोठं तळं होतं. तळ्याला लागून वरचं गाव, दोनेक किलोमीटर खाली दुसरं गाव. वरच्यांच्या पूर्वजांनी तळं खोदलेलं, त्याची त्यांना अजून ऐट. उन्हाळी धानासाठी दोन्ही गावांनी करार केला होता: प्रत्येक पाळीला दोघांना नऊ-नऊ लाख लिटर पाणी. वरचं गाव कालव्याने घ्यायचं. खालच्या गावाला पंपाने पाईपमधून जायचं, तिथल्या सामाईक शेततळ्यात साठायचं आणि मग बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, सोडलं जायचं. पंप नागपूरहून आणलेला, जुना, विदेशी बनावटीचा. त्याच्यावर मीटर होतं, ते गॅलन दाखवायचं. वरच्या गावातल्या निवृत्त गुरुजींनी हिशेब करून दिला, एक गॅलन म्हणजे साडेचार लिटर. म्हणजे दोन लाख गॅलन झाले की पंप बंद. दोन्ही सरपंचांनी सह्या केल्या.

पंप चालवायला पाणकर नेमला, म्हणजे पाणी वाटून देणारा माणूस. तो वरच्या गावचा, पण त्याचा बापही हेच काम करायचा आणि घराण्याचं नाव चोख. म्हणून दोन्ही गावांनी एकमताने त्यालाच निवडलं.

एका सकाळी पानठेलेवाला ठाण्यात आला. हा आमचा जुना खबऱ्या. इकडेतिकडे बघत म्हणाला, "साहेब, मामला गरम हाय. उद्या खालचे लोक पंप फोडाले येऊन राहिले. काठ्या तय्यार हायेत."

त्याच्या पाठोपाठ खालच्या गावची एक म्हातारी तक्रार घेऊन आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"साहेब, माही बांधी सगळ्यात शेवटी. दर पाळीले सगळ्याइले पाणी भेटते, माह्यावर आलं का शेततळं रिकामं. धान करपून राहिला. तो पाणकर रस्त्यात पाणी विकून खाते. त्याले आत घाला."

"विकताना पाहिलंत का, बाई?"

"पाह्यलं असतं तं तुमच्याकडे कायले आली असती? तिथंच नसता का झोडपला?"

शेततळं बरोबर नऊ लाख लिटरचं, पाळीला काठोकाठ भरायलाच हवं होतं, ते दर वेळी सहाव्या हिश्श्याने कमी भरत होतं. मीटर मात्र पुरं दाखवत होतं. मधलं पाणी गेलं कुठे? पाईप वरच्या गावच्या शेतांतून जात होता, त्यामुळे संशयाला खतपाणी आयतंच मिळालं. मी दोन्ही सरपंचांना बोलावून दम भरला, पंपावर दोन शिपाई बसवले आणि पाणकराला चौकशीला आणलं.

खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हा माझा अनुभव. विचारलं नसेल तेही सांगतो, साक्षीदार देतो, देवाची शपथ घेतो. हा गडी तासभर एकच वाक्य म्हणत होता, "मीटर पुरं झालं का मी बंद करतो जी. पुढचं मले माहीत नाई."

मी आवाज चढवला. तसा तो उठून उभा राहिला. डोळे लाल.

"मारा साहेब, पण पाणीचोर म्हणू नोका. माह्या बापानं चाळीस वर्षं पाणी वाटलं, त्याच्या मयतीले दोन्ही गावं आली होती. मी मेलो तं खालचं गाव थुंकाले बी येणार नाई."

मला तो खरा वाटला. पण ठाणेदाराला वाटून भागत नाही. पुढच्या पाळीला मी पूर्ण पाईपलाईनवर पहारा लावला. शंभर-शंभर पावलांवर वरच्या गावचा एक आणि खालच्या गावचा एक, असे जोडीने. एकमेकांवर डोळे रोखून दिवसभर बसले बिचारे. पाईपला कुठे जोड नाही, गळती नाही. संध्याकाळी शेततळ्यावर जाऊन पाहिलं, तर पाणी पुन्हा तेवढंच कमी.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चोराचा हात कधी सारखा चालत नाही. आज जास्त मारतो, उद्या घाबरून कमी. पहाऱ्यात तर चोरतच नाही. इथे पहारा असो नसो, सहावा हिस्सा म्हणजे सहावाच. हे माणसाचं काम नव्हतं. पाणी वाटेत जात नव्हतं, ते पंपातूनच कमी निघत होतं.

गोंदियाहून वजनमापे खात्याच्या निरीक्षकबाईंना बोलावलं. बाई तरुण होत्या, पण कामाला पक्क्या. सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप घेऊन आल्या. आधी त्यांनी मापाने पाणी ओतून दोनशे लिटरचे तीन ड्रम तपासून घेतले. मग दोन्ही गावांच्या पंचांसमोर मीटरवर बरोबर शंभर गॅलन होईपर्यंत पाणी ड्रमांत सोडलं. आमच्या हिशेबाने दोन ड्रम भरून तिसऱ्यात पाव ड्रम पडायला हवं होतं. इथे दुसराच ड्रम भरला नाही!

"मीटर बिघडलंय," कोणीतरी ओरडलं.

बाईंनी मीटरवरची पट्टी पुसली, वाचली आणि हसल्या. "मीटर ठीक आहे. हा अमेरिकेचा गॅलन आहे. आपण शाळेत शिकलो तो इंग्रजांचा, साडेचार लिटरचा. अमेरिकेचा लहान असतो, पावणेचार लिटरच्या जरासा वर."

गुरुजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. बघ्यांच्या गर्दीतून म्हातारी पुढे आली.

"म्हणजे त्याइच्या देशात गॅलन बी आखूड? मंग आमचं पाणी कोण देईल?"

खरा प्रश्न हाच होता. वरचे सरपंच चाचरले. चूक मशीनची, आमची कशी, असा सूर निघू लागला. तेव्हा पाणकर पुढे झाला. इतके दिवस ज्यांनी शिव्या घातल्या, त्यांच्या बाजूने तो आपल्याच गावाशी बोलला.

"करारात गॅलन नव्हते, लिटर होते. जेवढं कमी गेलं तेवढं पहिले त्याइले जाईल. आपला कालवा तोवर बंद. नसन पटत तं दुसरा पाणकर पाहा."

दुसरा पाणकर कोणी पाहिला नाही. कालवा बंद झाला, पंप सुरू झाला. काठ्या घरोघरी परत गेल्या. चोरीच्या तक्रारीत तथ्य नाही, असा अहवाल मी पाठवून दिला. त्या पाणकराला आरोपातून मोकळं करताना झाला तेवढा आनंद मला मोठमोठे दरोडेखोर पकडूनही झाला नव्हता.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. भांडणात दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात, आणि तेव्हा आरोपी शोधण्याआधी माप तपासावं. त्यानंतर हद्दीतल्या कितीतरी भांडणांत मी आधी हेच विचारायचो, की तुम्ही मोजताय कशाने?

काही दिवसांनी म्हातारी पुन्हा ठाण्यात आली. ठाण्यातल्या नोंदी लिहिणारा मुन्शी वैतागून म्हणाला, "आता काय झालं, बाई?"

"लिहून घे, माह्या बांधीले पाणी भेटलं. पाणकरानं सोता उभं राहून देल्लं."

"बाई, हा काही गुन्हा नाही. हे लिहीत नाहीत."

"चोरी झाली तं लिहता, अन् पाणी भेटलं तं काऊन नाई लिहत?"

मुन्शी माझ्याकडे बघू लागला. मी स्टेशन डायरी ओढून घेतली आणि तिच्याच शब्दांत, पाणकराच्या नावासकट, नोंद केली. तिने ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, आणि मगच बसायला खुर्ची मागितली.