एका त्रस्त रहिवाशाचा दाखला

बी.ए. झाल्यावर मी घरात जाहीर केलं, मी पत्रकार होणार. आई म्हणाली, "हो, हो. आधी कपडे वाळत घाल." पण माझं ठरलं होतं. विद्यापीठातून जनसंज्ञापनाच्या कोर्सचा फॉर्म आणला आणि घाटकोपरच्या आमच्या चाळीत, खाटेवर पसरून अटी वाचायला घेतल्या. पदवी? आहे. मार्क? काठावर, पण आहेत. साक्षांकित प्रती? होतील. शेवटची अट वाचली आणि बोंबला! प्रसिद्ध झालेलं स्वतःचं लेखन, किमान तीन कात्रणं.

कात्रणं होती हो माझ्याकडे. तीन कशाला, चांगली सात! पेपरात वाचकांच्या पत्रांत छापून आलेली. नळाला पाणी नाही, जिन्यातला दिवा महिनाभर बंद, संडासाची दारं मोडलेली आणि चाळीचे सेक्रेटरी फक्त गणपतीच्या वर्गणीपुरते दिसतात, असं सगळं झणझणीत. पण खाली नाव? सातही पत्रांखाली 'एक त्रस्त रहिवासी'. चाळीत राहून नाव टाकायची कुणाची छाती आहे!

विद्यापीठाच्या खिडकीतले क्लार्क हसले. "बाई, त्रस्त तर अख्खी मुंबई आहे. ही पत्रं तुमचीच कशावरून?" पेपरवाले जुनी पत्रं ठेवत नव्हते. मग क्लार्कनीच तोडगा काढला, "चाळीच्या सेक्रेटरींचा सही-शिक्क्याचा दाखला आणा. परवा शेवटची तारीख."

वाट लागली! सेक्रेटरीकाका दोन वर्षं त्याच रहिवाशाला शोधत होते. गिरणीतून निवृत्त झालेले, मालवणकडचे, साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटायचं. "एकदा गावांदे तो हाती, दाखवतंय तेका!" हे तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. काका गॅलरीत चहा पीत बसले होते. कात्रणं पुढे धरली आणि एका दमात बोलून टाकलं, "काका, ती पत्रं मी लिहिली. मला दाखला पाहिजे."

"तू?" काकांनी कप खाली ठेवला. "अगो, आणि मी तुझ्या बापाशीचो संशय धरून वरीसभर तेच्याशी बोलूक नाय!"

मला हसू आवरेना आणि भीतीही वाटत होती. काकांनी सातही पत्रं ओठ हलवत वाचली. आता फाडणार, गेलं माझं वर्ष, असं वाटलं. पण ते उठले, लेटरहेड आणलं आणि लिहिलं की सोबतची सातही पत्रं हिनेच लिहिलेली आहेत. सही केली. मग थोडं थांबून सहीच्या वर उरलेल्या जागेत बारीक अक्षरात आणखी एक ओळ घातली: सातही तक्रारी खऱ्या आहेत.

"काका, ही ओळ नको ना. तुमच्यावरच येईल."

"रवांदे ती ओळ," म्हणाले आणि शिक्का मारला. मला रडूच आलं.

प्रवेश मिळाला. पुढे नोकरीत मोठमोठ्या माणसांचे खुलासे ढिगाने वाचले. स्वतःच्या विरुद्धच्या कागदावर स्वतःच्या हाताने शिक्का मारणारा माणूस मात्र परत भेटला नाही.