मायची जोडवी आणि बिस्किटी सीट

मला वस्तू जपायचा रोग आहे. नंदुरबारच्या एका शाळेत शिकवतो, तिथे खडूसुद्धा चिमटीत मावेनासा झाल्याशिवाय टाकत नाही. असल्या माणसाने बिस्किटी रंगाच्या, खऱ्या चामड्याच्या सीट असलेली गाडी घेऊ नये. मी घेतली. सुरतच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी होती. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. दार उघडलं, मागच्या सीटवरून हात फिरवला आणि तिथेच हो म्हणून बसलो.

आमच्याकडे चामड्याची सीट म्हणजे बारा महिन्यांचा जाच. मे महिन्यात गाडी तासभर उन्हात राहिली तर बसणारा ओरडतोच. काळी माती शिवणीत जाऊन बसते. मिरचीच्या दिवसांत गावाबाहेर पथारींवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानांवर, लाल मिरची वाळत पडलेली असते, तिची धूळ काचा बंद असल्या तरी आत येते, आणि ओल्या फडक्याने पुसायला गेलं की पुसली न जाता पसरते. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड चढता-उतरताना घासून सगळ्यात आधी पातळ होते. पावसाळ्यात गाडी चार दिवस बंद राहिली तर चामड्यावर बुरशीचे पांढरे ठिपके येतात.

म्हणून मी दर महिन्याला एक सकाळ सीटसाठी राखून ठेवली होती. आधी मऊ ब्रशने शिवणीतली धूळ काढायची, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं, सावलीत वाळू द्यायचं आणि शेवटी क्रीम बोटांनी जिरवायचं. पहिल्या वर्षी कुणाचं तरी ऐकून खोबरेल तेल चोळलं होतं. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तेलाचा भला मोठा डाग घेऊन मी फळ्याकडे वळलो आणि मुलांचा तास मजेत गेला. स्टाफरूममध्ये माझ्या गाडीला 'राजगादी' म्हणायला लागले. मला राग यायचा, पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटायचं.

आईवडील सारंगखेड्याजवळच्या गावी राहतात, शेती अजून वडील बघतात. आईला आम्ही माय म्हणतो, वडिलांना आबा. मायला बरीच वर्षं साखरेचा त्रास आहे. गेल्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला, हात कमरेच्या खाली नीट जाईना की डोक्याच्या वर जाईना. नंदुरबारला एका दवाखान्यात खांद्याचे व्यायाम सुरू केले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तिला आणायला जायचो, संध्याकाळी आणि रविवारी सकाळी व्यायाम, दुपारनंतर पुन्हा गावी पोचवायचो. चार-पाच महिने तरी जावं लागेल असं त्यांनी सांगितलं होतं.

माय गाडीत बसायची ती मागच्या सीटवर, मांडी घालून. जन्मभर ती अशीच बसलेली. पाय लोंबते ठेवले की तिचे पाय सुजतात आणि जीव मळमळतो. पण तिच्या पायांत चांदीची जाडजूड जोडवी, त्यांवर बारीक दाणे. तिसऱ्या का चौथ्या शनिवारी मला मागच्या सीटवर चार आडव्या रेघा दिसल्या. क्रीम लावून बघितलं, बोटाने दाबून बघितलं. रेघा जाईनात.

पुढच्या शनिवारी ती गाडीत बसायला लागली तेव्हा मी म्हणालो, "माय, पाय खाले ठेव. नहीते जोडवा काढी ठेव. सीट फाटी जाई."

नवरा जिवंत असलेल्या बाईला जोडवी काढून ठेव म्हणून सांगणारा मुलगा मी. बोलून गेलो आणि लगेच गाडी सुरू केली. त्या दिवशी माय पाय खाली ठेवून आली आणि नंदुरबारला उतरताना दाराला धरून जरा वेळ उभी राहिली.

त्यानंतरच्या शनिवारी ती पुन्हा मांडी घालून बसली होती आणि सीटवर नवी रेघ नव्हती. नंतरच्याही शनिवारी नव्हती. असं कसं, हे मी विचारलं नाही. लुगड्याच्या काठाखाली तिचे पाय झाकलेले असत आणि माझं सगळं लक्ष सीटवर. मी खूश होतो, तिला म्हणालोही, "आते बराबर बठस तू." ती हसली.

भादव्यात गाडीत वास यायला लागला. गोडसर, कुजकट. चामडं ओल धरून सडलं असणार, असं मी ठरवून टाकलं. सीटच्या फटीत हात घालून बघितलं, दोन्ही सीट सोडवून ऊन दाखवलं, क्रीम बदललं. वास शनिवारी यायचा, रविवारी वाढायचा आणि आठवडाभर थोडा थोडा राहायचा. एवढं कळूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

प्रकाश पाडला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी. एका रविवारी मायला कॉटवर झोपवताना त्यांनी तिचे पाय उचलले आणि विचारलं, "आजी, बोटांना काय बांधलंय?"

दोन्ही जोडव्यांवर जुन्या सुती कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या आणि वरून दोऱ्याने करकचून आवळलेल्या. डाव्या पायाची चिंधी ओली होती. बाईंनी ती कापली तेव्हा सगळ्या खोलीत माझ्या गाडीतला वास पसरला. बोट काळपट निळं पडलं होतं, जोडवं सुजेत रुतलं होतं आणि दोरा मांसात गेला होता. माय म्हणाली, दुखत नाही. साखरेमुळे तिथे तिला काही जाणवतच नव्हतं.

त्याच दवाखान्यातले सर्जन आले. म्हणाले, जोडवं आत्ताच्या आत्ता कापावं लागेल. पंधरा दिवस बघू, नाही सुधारलं तर बोट काढावं लागेल.

मायने पाय ओढून घेतला. "त्यासले येऊ द्या, मंग कापा."

डॉक्टर समजावून थकले, मी हात जोडले, ती ऐकेना. आबांना फोन केला. ते मिळेल त्या गाडीने आले आणि शेतातल्या मळक्या कपड्यांत दारातच थांबले. माय म्हणाली, "दारमा नका उभा ऱ्हाऊ. आठे या, मन्हा समोर." नवरा धडधाकट समोर उभा आहे, हे सगळ्यांनी पाहिल्यावरच तिने पाय पुढे केला. कापताना ती पायाकडे बघत नव्हती, आबांच्या तोंडाकडे बघत होती. आबा मात्र माझ्याकडे बघत होते.

"तिना हात पुरत नही," ते म्हणाले. "मीच बांधी देत होतु. सैल बांधं का निसटी जास." "तुन्ही सीट खराब व्हवाले नको, म्हने."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो. मला रडू आलं, आणि रडताना स्वतःचीच किळस आली. दर महिन्याला बोटांनी क्रीम जिरवणाऱ्या माणसाने आईच्या पायाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

पंधरा दिवस वाईट गेले. रोज मलमपट्टी, रोज डॉक्टरांचा चेहरा वाचायचा. बोट वाचलं. वाकडं झालंय, नख गेलं आणि त्यात आता जोडवं बसत नाही. माय एकाच पायात जोडवं घालते आणि कुणी विचारलं तर आबांकडे बोट दाखवून म्हणते, "ते काय बठेल शेतस." म्हणजे हा काय, नवरा समोर बसलाय.

खांद्यासाठी आम्ही अजून जातो. गाडी तीच आहे. सीटला मी त्यानंतर क्रीम लावलेलं नाही, कडेला भेगा पडायला लागल्यात. मागे मी जाड गोधडी अंथरतो आणि म्हणतो, माय, मांडी घाल, पाय वर ले. ती गोधडीची घडी करून बाजूला ठेवते. "ऱ्हाऊ दे भाऊ. आते सवय व्हई गयी."

एकदा सांगितलं होतं, ते तिने ऐकलं. आता दर शनिवारी सांगतो, हात जोडून सांगतो, चिडूनही सांगतो. ती पाय खालीच ठेवते, आणि नंदुरबार येईपर्यंत ते सुजलेले असतात.