बुटातले पाटे

जुन्नरात अब्बांचं सायकलचं दुकान होतं. अब्बांच्या मागे ते माझ्या गळ्यात पडलं. पन्नास सालानंतरची ती वर्षं. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं मला कधी जमलं नाही, त्यामुळे मित्र म्हणून एकच टिकला, निमगाव सावाच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. पोरवयापासून तो धावायचा. पोलिसात जायचं, हे एकच खूळ त्याच्या डोक्यात होतं. पण विहिरीच्या कामावर पायावर दगड पडला आणि उजव्या तळव्याची कमान खचली. चालायला काही वाटायचं नाही, धावताना मात्र थोड्याच वेळात तळव्यात आग पडायची. एका भरतीत त्यापायीच तो मागे राहिला होता. पुढची भरती शेवटची, त्यानंतर तो वयात बसणार नव्हता.

एका बाजारच्या दिवशी त्याने कॅनव्हासचे बूट माझ्यासमोर आपटले.

"राव, तू टायर-ट्यूब शिवतोस, सांधतोस. ह्या पायाखाली काय तरी घाल."

मी बूट वाकवून पाहिला. तळ भाकरीसारखा सपाट! बनवणाऱ्याने माणसाचा पाय कधी पाहिला होता की नाही, देव जाणे. मला भारी राग आला, आणि राग आला की मी कामाला लागतो.

आधी टायरचा तुकडा कापून कमानीखाली बसवला. तो एवढा कडक झाला की पायाला फोड आले. मग वेताच्या कांबी घातल्या, त्या तिसऱ्या खेपेलाच मोडल्या. कडक केलं तर टोचतं, मऊ केलं तर पाय खचतो. मी वैतागून दुकान बंद करून स्टँडवर चहा प्यायला गेलो. समोर कांद्याची लॉरी भरत होते. पोती पडत होती तसे चाकावरचे स्प्रिंगचे पोलादी पाटे दबत होते आणि एकमेकांवरून किंचित सरकत होते. मी चहा तसाच ठेवून उठलो.

हॉटेलवाल्याचा चावीचा फोनो, गाण्याच्या तबकड्या वाजवायचा, मोडून पडला होता. त्यातली पोलादी स्प्रिंग मागून आणली, छिन्नीने तिच्या पट्ट्या पाडल्या, टोकं कानशीने गोल केली. लांब, मधली आणि आखूड अशा एकावर एक ठेवल्या. टाचेकडे घट्ट बांधल्या आणि पुढची टोकं ट्यूबच्या खिशात मोकळी सोडली, म्हणजे पाय वाकला की पट्ट्या सरकाव्यात. शिवण घातली तर ट्यूब फाटत होती, म्हणून सगळं पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवलं.

कळंबच्या पुढे नाशिक रोडवर आम्ही ते बूट वापरून पाहिले. तो धावत लांब दिसेनासा झाला, मी झाडाखाली बसून राहिलो. परत आला तो न लंगडता, हसत.

"लई भारी झालंय, राव! खालून कुणी तरी हात देतंय असं वाटतंय."

मी त्याला शिवी दिली. आनंद झाला की मला दुसरं काही सुचत नसे.

भरतीच्या दिवशी मीही त्याच्याबरोबर पुण्याला गेलो. मैदानावर त्याने पिशवीतून बूट काढले आणि मला करडईच्या तेलाचा वास आला. कॅनव्हास काळपट, चकचकीत झाला होता.

"हे काय?"

"आईनं तेल पाजलंय. म्हणली, नवं पायताण तेल पाजल्याबिगर कुणी पायात घालतं व्हय? चार दिस पाजत व्हती."

आमच्याकडे नव्या वहाणा अशाच घालतात. तेल मुरलं की चामडं मऊ होतं आणि वहाण चावत नाही. माउलीने आतून बाहेरून, अगदी मन लावून पाजलं होतं. पण तेलाचा हात लागला तरी सोल्यूशन धरत नाही, हे पंक्चरवाल्याला सांगावं लागत नाही. मी बोट घालून पाहिलं. ट्यूब सालीसारखी सुटून आली.

"अनवाणी धाव," मी म्हणालो.

"अनवाणी पाय टिकंल व्हय? ऱ्हाऊ दे, काढू कसंबसं."

त्याचं नाव पुकारलं. पहिल्या फेरीला तो पुढच्यांत होता. मी ओरडतही नव्हतो, नुसता त्याच्या उजव्या पायाकडे बघत होतो. दुसऱ्या फेरीत पट्टी सुटली आणि कॅनव्हास फाडून बाहेर आली. त्याने बूट ओढून फेकला आणि तसाच धावला. पुढे लंगडला, मग चालायलाच लागला. घ्यायची तेवढी माणसं घेऊन साहेब केव्हाच वळले होते.

परतीच्या गाडीत मंचर आलं. तेव्हा तो म्हणाला, "आईला तेलाचं सांगू नगं."

घरी माउली दारातच उभी होती. "काय झालं रं?"

"छाती कमी भरली, आई. मापात बसलो न्हाई."

"एवढंच ना? मंग पुढच्या टायमाला बसशील की!"

पुढची वेळ नव्हती. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, तिला कोण सांगणार? दुसऱ्या दिवसापासून तिने म्हशीचं दूध विकायचं बंद केलं आणि तांब्या भरून त्याच्यापुढे ठेवू लागली. तो मुकाट्याने प्यायचा.

महिन्याभराने मी गेलो तेव्हा ती त्याच्या छातीभोवती सुतळी धरून उभी होती.

"बघा भाऊ, मागल्या गाठीच्या फुडं गेला!"

हात वर करून, जेवढा कोंडता येईल तेवढा श्वास कोंडून तो उभा होता.